पुसलेल्या भिंती

मार्च २०२४ मधला एक शनिवार. युटा राज्यातल्या लीहाय या गावातून मी आणि माझ्या टीममधला एक सहकारी सकाळी सातला गाडीने निघालो. दक्षिणेला दोनएक तास गेलं की मॅन्टाय नावाचं छोटं शहर लागतं. शहराच्या टोकाला टेकडी, आणि टेकडीवर दोन मनोऱ्यांचं फिकट पिवळसर दगडी मंदिर. कित्येक मैलांवरून ते दिसायला लागतं.

मंदिर मॉर्मन लोकांचं. एरवी माझ्यासारख्याला आत पाऊल टाकता येत नाही. नव्याने बांधलेलं किंवा मोठी दुरुस्ती झालेलं मंदिर अर्पण करण्याआधी काही दिवस सगळ्यांसाठी खुलं ठेवतात, आणि नंतर दारं फक्त सभासदांसाठी उघडतात. मॅन्टायचं मंदिर १८८८ मध्ये अर्पण झालेलं. म्हणजे आत्ता चुकलं असतं, तर पुन्हा संधी मिळेपर्यंत मी म्हातारा झालो असतो.

दारात बुटांवर चढवायला प्लास्टिकच्या पिशव्या दिल्या. आत फोटो काढायचे नाहीत असं सांगितलं. फोन खिशात गेला. रांगेतून हळूहळू पुढे सरकत आम्ही एका उंच खोलीत आलो आणि माझा सहकारी थांबला. मागचे लोकही थांबले. चारही भिंती, जमिनीपासून छतापर्यंत, रंगवलेल्या होत्या. बाबेलचा मनोरा, व्यापाऱ्यांचे तांडे, धर्मयुद्धाला निघालेले सरदार, रस्त्यावरचे गरीब, समुद्र ओलांडून आलेले यात्रेकरू, आणि समोर डोंगरांमध्ये एक मूळ अमेरिकन माणूस.

तीनच वर्षांपूर्वी या भिंती जाणार, असं जाहीर झालं होतं.

मी मॉर्मन नाही. धार्मिक म्हणावा असाही नाही. मग मी तिथे काय करत होतो, हे आधी सांगतो.

एक रकाना

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एका ग्राहक संस्थेची जुनी प्रणाली बंद करून सगळा डेटा नव्या प्रणालीत हलवायचं काम होतं. जुन्या तक्त्यात एक रकाना होता, 'इतर शेरा' असा. नव्या प्रणालीतला कुठलाही अहवाल तो रकाना वाचत नव्हता. मी तो वगळला. कोडमध्ये 'वापरात नाही' अशी टीप टाकली. चाचण्या पास झाल्या, सगळे खूश.

चार महिन्यांनी तिथल्या एका ज्येष्ठ बाईंचा फोन आला. एकोणीस वर्षं त्या त्या रकान्यात लिहीत होत्या. कोण माणूस फोनवर चिडतो, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाला पत्र मोठ्या अक्षरात पाठवायला हवं. कुठल्याच अहवालात यातलं काही येत नव्हतं, पण त्यांचं काम त्यावर चालत होतं. मी बॅकअप शोधला. तो नव्वद दिवसांनी आपोआप पुसला जाईल अशी सोय होती. ती सोय मीच केली होती.

बाई ओरडल्या नाहीत. "मला एकदा विचारायचं होतं ना," एवढंच म्हणाल्या.

ही गोष्ट मी लीहायला आल्यावर जेवताना सहकाऱ्याला सांगितली. तो म्हणाला, "तुला लोगनची गोष्ट माहीत आहे?" मला नव्हती. त्या दिवसापासून मी वाचायला लागलो.

कुंड्यांमधली बाग

आधी थोडी पार्श्वभूमी. १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणाने हा पंथ स्थापन केला. त्याचं आजचं अधिकृत नाव 'येशू ख्रिस्ताच्या अंतिम दिवसांतील संतांचं चर्च' अशा अर्थाचं, लांबलचक आहे. त्यांच्या इमारतींमध्ये मुख्य तीन प्रकार. दर रविवारी जमायची साधी सभागृहं. एकोणिसाव्या शतकात मोठ्या सभांसाठी बांधलेली टॅबर्नॅकल. आणि मंदिरं, जिथे फक्त ठरावीक विधी होतात.

आपल्या गोष्टीला महत्त्वाचा विधी आहे एंडाउमेंट. त्याचा तपशील सभासद बाहेर बोलत नाहीत आणि तो इथे गरजेचाही नाही. पण त्याचा सांगाडा चर्च स्वतःच सांगतं: सृष्टीची निर्मिती, एदेनची बाग, बागेबाहेरचं हे जग, आणि मग ईश्वराच्या सान्निध्याकडे प्रवास. जुन्या मंदिरांत हा प्रवास माणूस खरोखर पायांनी करायचा, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, बऱ्याचदा पायऱ्या चढत. खोल्यांची नावंही तशीच: निर्मितीची खोली, बागेची खोली, जगाची खोली.

ही बाग सुरुवातीला रंगवलेली नव्हती. इलिनॉय राज्यातल्या नॉवू शहरात १८४५ च्या डिसेंबरात, मंदिर पूर्ण व्हायच्या आधीच, त्याच्या पोटमाळ्यावर हा विधी सुरू झाला. कॅनव्हासचे पडदे लावून खोल्या पाडल्या आणि बागेच्या जागी कुंड्यांमधली झाडं आणून ठेवली. बाहेर शत्रुत्व वाढत होतं. जोसेफ स्मिथचा १८४४ मध्ये तुरुंगात जमावाने खून केला होता. लोकांना शहर सोडावं लागणार हे दिसत होतं. तरी त्या हिवाळ्यात, पडदे आणि कुंड्यांच्या त्या मंदिरात, पाच हजारांहून अधिक लोकांनी विधी करून घेतला आणि १८४६ च्या फेब्रुवारीपासून ते पश्चिमेकडे निघाले.

मला हे चित्र फार आवडतं. निघायचं आहे हे माहीत असताना कोणीतरी घरची कुंडी उचलून पोटमाळ्यावर नेतंय.

आग, वादळ आणि सूर्य

नॉवूचं मंदिर चुनखडीच्या दगडाचं होतं. बाहेरच्या बाजूला तीस स्तंभ, आणि प्रत्येक स्तंभाच्या माथ्यावर एक कोरलेली सूर्यशिळा: ढगांमधून वर येणारा चेहऱ्याचा सूर्य आणि त्याच्यावर तुतारी धरलेले दोन हात. खाली चंद्रशिळा, वर ताऱ्यांच्या शिळा.

१८४६ मध्ये मंदिर अर्पण झालं तेव्हा बहुतेक लोक निघून गेले होते. ऑक्टोबर १८४८ मध्ये आगीत आतलं सगळं लाकूडकाम जळालं. ती आग लावली गेली असं मानतात. उरलेल्या भिंती फ्रान्सहून आलेल्या इकेरियन नावाच्या एका समाजवादी गटाने विकत घेतल्या. त्यांनी दुरुस्ती सुरू केली आणि १८५० च्या मे महिन्यात चक्रीवादळाने भिंती पाडल्या. शेवटचा उभा तुकडा १८६५ मध्ये पाडला. दगड आजूबाजूच्या घरांमध्ये, विहिरींमध्ये गेले.

तीस सूर्यांपैकी जवळजवळ अखंड असे अगदी मोजके उरले. त्यातला एक १९८९ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने एक लाख डॉलरला घेतला.

या मंदिराचे आराखडे काढणारा विल्यम वीक्स पुढे पंथापासून दूर गेला. आराखडे त्याच्या घरातच राहिले आणि १९४८ मध्ये त्याच्या नातवाने ते चर्चला परत दिले. त्यांच्या आधारे जुन्या जागेवर पुन्हा मंदिर उभं राहिलं आणि २००२ मध्ये, स्मिथच्या मृत्यूच्या तारखेला, २७ जूनला अर्पण झालं.

बाहेरून ते बरंचसं पहिल्यासारखं आहे. आतून नाही. पोटमाळ्यावरच्या कुंड्यांचा आराखडा कोणी काढून ठेवत नाही.

पॅरिसला पाठवलेले मिशनरी

सॉल्ट लेक सिटीत पोचल्यावर विधीसाठी १८५५ मध्ये एक तात्पुरती इमारत बांधली. तिचं नाव एंडाउमेंट हाउस. तिथे कुंड्यांच्या जागी भिंतीवर झाडं रंगवली गेली. म्हणजे बाग पोटमाळ्यावरून भिंतीवर आली. पण ही इमारतही टिकली नाही. बहुपत्नीत्वावरून अमेरिकी सरकार आणि चर्च यांच्यात मोठा संघर्ष चालू होता, आणि असे विवाह या इमारतीत लागत होते. १८८९ च्या शरद ऋतूत चर्चचे अध्यक्ष विल्फर्ड वूडरफ यांनी ती पाडायचा आदेश दिला आणि नोव्हेंबरमध्ये ती गेली. पुढच्याच वर्षी त्यांनी बहुपत्नीत्व थांबवण्याची जाहीर घोषणा केली. भिंतीवरची झाडं कोणाच्या वादात नव्हती, पण तीही गेली.

तोवर कायमची मंदिरं उभी राहू लागली होती: सेंट जॉर्ज १८७७, लोगन १८८४, मॅन्टाय १८८८. त्यातल्या भिंती रंगवणारे लोक बहुतेक स्थलांतरित. डेन्मार्कहून आलेला सी. सी. ए. ख्रिस्तेन्सन, नॉर्वेहून आलेला डॅन वेगेलँड. मिळेल ते काम करत जगणारी ही माणसं. ख्रिस्तेन्सनने पंथाच्या इतिहासाची तेवीस मोठी चित्रं काढली, ती एकमेकांना शिवून त्याची गुंडाळी केली आणि घोडागाडीतून गावोगावी नेऊन दाखवली. अंधारात, दिव्याच्या उजेडात गुंडाळी उलगडायची आणि गोष्ट सांगायची. आपल्याकडच्या चित्रकथीसारखंच. तेवीसपैकी बावीस चित्रं आज शिल्लक आहेत.

सॉल्ट लेकचं मोठं मंदिर चाळीस वर्षं बांधलं जात होतं, १८५३ ते १८९३. ते संपत आलं तेव्हा तरुण चित्रकार जॉन हेफेन आणि त्याच्या मित्रांनी चर्चच्या नेत्यांपुढे एक कल्पना मांडली: आम्हाला शिकायला पाठवा, आम्ही परत येऊन मंदिराच्या भिंती रंगवू. चर्चने ते मान्य केलं. १८९० मध्ये हेफेन, लोरस प्रॅट आणि जे. बी. फेअरबँक्स पॅरिसला गेले; मागून एडविन इव्हान्स आणि हर्मन हाग. त्यांची नेमणूक अधिकृतपणे मिशनरी म्हणून होती. फरक एवढाच की ते धर्मप्रचाराला गेले नव्हते, अकादमी जुलियां नावाच्या चित्रशाळेत मानवी आकृती आणि निसर्ग शिकायला गेले होते.

विचार करा. रेल्वे येऊन वीस वर्षं झालेलं वाळवंटातलं एक शहर, सरकारशी भांडून खंक झालेला एक पंथ, आणि तो भिंतीवरची झाडं नीट यावीत म्हणून पाच जणांना समुद्रापार पाठवतो. परत येऊन त्यांनी बागेच्या आणि जगाच्या खोल्या रंगवल्या. १८९३ मध्ये मंदिर अर्पण झालं. हेफेन पुढे १९१० मध्ये गरिबीतच वारला.

लोगनची गोष्ट

१९५५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बर्नजवळ मंदिर झालं. तिथे प्रश्न वेगळा होता. जागा लहान, आणि येणारे लोक अनेक भाषांचे. उपाय म्हणून विधीतला कथाभाग चित्रफितीवर आणला. एकाच खोलीत बसा, पडद्यावर बघा, भाषा बदलायची तर ध्वनिपट्टी बदला.

इंजिनिअर म्हणून मी या उपायाला पैकीच्या पैकी गुण देईन. जुन्या पद्धतीत विधी सादर करायला प्रत्येक वेळी माणसं लागायची आणि एक गट पुढच्या खोलीत गेल्याशिवाय दुसरा सुरू होत नसे. चित्रफितीमुळे अनेक खोल्यांत समांतर काम सुरू करता येतं. सभासद लाखांनी वाढत होते, मंदिरं मोजकीच होती. आणि या श्रद्धेत विधी हा मुख्य. इमारत त्याचं साधन.

पण पडद्यासमोर बसायचं तर बाग भिंतीवर कशाला हवी?

१९७० च्या दशकात सेंट जॉर्जच्या मंदिरात चित्रफितीसाठी बदल झाले आणि भिंतीवरची चित्रं गेली. मग लोगनची पाळी आली. १९७६ मध्ये ते बंद झालं. बाहेरच्या दगडी भिंती ठेवल्या आणि आतलं सगळं काढलं: जिने, सुतारकाम, गिलावा, चित्रं. १९७९ मध्ये ते पुन्हा अर्पण झालं, आतून नवीन.

माझ्या सहकाऱ्याच्या आजीचं लग्न जुन्या लोगनमध्ये लागलं होतं. नूतनीकरणानंतर ती एकदाच आत गेली. बाहेर आल्यावर तिने काही तक्रार केली नाही. घरी मात्र इतकंच म्हणाली, की तिला वाट सापडली नाही. नंतर ती दुसऱ्या, लांबच्या मंदिरात जायची. श्रद्धा तशीच होती, फक्त पायांच्या लक्षात असलेला रस्ता गेला होता.

त्याच दशकाच्या सुरुवातीला कोलव्हिल या लहान गावात आणखी एक इमारत पडली. तिथलं टॅबर्नॅकल गावकऱ्यांनी १८७९ पासून वीस वर्षं खपून बांधलं होतं. रंगीत काचांच्या खिडक्या, आणि छतावर पंथाच्या नेत्यांची रंगवलेली चित्रं. नवी, सोयीची इमारत हवी होती आणि जुनी सांभाळणं महाग होतं. गावातच दोन तट पडले. पाडू नका म्हणून लोक न्यायालयापर्यंत गेले. मार्च १९७१ मध्ये यंत्रं आली आणि इमारत गेली. आदल्याच वर्षी न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने ख्रिस्तेन्सनच्या गुंडाळीतली चित्रं भिंतीवर लावून दाखवली होती. म्हणजे बाहेरच्या लोकांना या कलेची किंमत कळायला लागली, त्याच सुमारास घरात ती मोडीत निघत होती.

कोलव्हिलची जखम मात्र वाया गेली नाही. युटामध्ये जुन्या वास्तू वाचवण्याच्या कामाला त्या रागातून जोर आला. आजही तिथे कुठली जुनी इमारत पाडायचा विषय निघाला की कोणीतरी कोलव्हिलचं नाव घेतंच.

चुकून लागलेली आग

सगळं काही निर्णयाने जात नाही. १७ डिसेंबर २०१० च्या पहाटे प्रोव्हो शहरातलं एकोणिसाव्या शतकातलं टॅबर्नॅकल पेटलं. आत नाताळच्या संगीत कार्यक्रमाची तयारी चालू होती. पोटमाळ्यात एक गरम होणारा दिवा लाकडाला फार जवळ ठेवला गेला होता. छत कोसळलं, उरल्या विटांच्या भिंती. आत मिनर्व्हा टायकर्ट या चित्रकर्तीचं एक मूळ चित्र होतं, तेही जळालं.

यानंतर जे झालं ते मला अभियांत्रिकीचा चमत्कार वाटतं. चर्चने तिथे मंदिर करायचं ठरवलं. जळक्या भिंतींना आतून आधार दिला, त्यांना पोलादी खांबांवर तोललं आणि खालची माती काढून तळघर खणलं. त्या काळातले फोटो बघा: एक आख्खी विटांची इमारत काठ्यांवर हवेत उभी आहे. खणताना शेजारी त्याहून जुन्या, १८६७ च्या टॅबर्नॅकलचा पाया सापडला. ते आधीच, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाडलं होतं. २०१६ मध्ये नवं मंदिर अर्पण झालं. मी ऑफिस सुटल्यावर कितीदा तरी तिथल्या बागेत बसलोय. भिंती जुन्या, आत्मा नवा, की उलट, हे अजून मला ठरवता आलेलं नाही.

पन्नास दिवस

सॉल्ट लेकचं मंदिर २०१९ च्या अखेरीस भूकंपरोधक कामासाठी बंद झालं. ही भीती कागदावरची नव्हती: मार्च २०२० मध्ये शहरात ५.७ तीव्रतेचा भूकंप झाला आणि मंदिराच्या शिखरावरच्या सोनेरी देवदूताच्या हातातली तुतारी खाली पडली.

१२ मार्च २०२१ ला चर्चने जाहीर केलं की सॉल्ट लेकमध्ये आता विधी चित्रफितीवर होईल आणि भिंतीवरची चित्रं राहणार नाहीत. ती काढण्याआधी काळजीपूर्वक त्यांचे फोटो घेतले, नोंदी केल्या आणि काही भाग अभिलेखागारात ठेवले, असंही सांगितलं. म्हणजे लोकांना कळलं तेव्हा निर्णय झालेला होता. पॅरिसहून शिकून आलेल्या तरुणांच्या भिंती गेल्या होत्या. त्याच घोषणेत मॅन्टायचीही तीच योजना होती.

मॅन्टायची जगाची खोली १९४७ मध्ये रंगवली ती मिनर्व्हा टायकर्ट यांनी. वायोमिंगमधल्या कोकव्हिल गावात गुरांच्या रँचवर संसार करणारी, पाच मुलांची आई. तरुणपणी शिकागो आणि न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट हेन्रींसारख्या नामांकित चित्रकाराच्या हाताखाली शिकलेली. घरी स्टुडिओ नव्हता. मोठमोठी चित्रं त्या दिवाणखान्यात काढत. मागे सरकून बघायला जागा नाही म्हणून दुर्बीण उलटी धरून चित्र लांबून कसं दिसेल ते बघत. मुलांच्या कॉलेजच्या फीऐवजी विद्यापीठाला चित्रं देत. मॅन्टायला रंगवायला चढल्या तेव्हा साठीला आल्या होत्या.

घोषणेनंतर जे झालं ते लोगनच्या वेळी झालं नव्हतं. सभासदच बोलायला लागले. पत्रं, सह्यांची निवेदनं, आजीच्या आठवणी. हे लोक चर्चविरोधी नव्हते. त्यातले बरेच रविवारी सभागृहात पुढच्या बाकावर बसणारे. बाहेर न बोलायच्या जागेबद्दल जाहीर बोलणं त्यांना किती जड गेलं असेल, याचा अंदाज मला सहकाऱ्याकडे बघून येतो. त्याने पत्र लिहिलं होतं. पाठवायला त्याला चार दिवस लागले.

१ मे २०२१ ला, पन्नास दिवसांनी, चर्चचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी बदललेली योजना जाहीर केली. मॅन्टायची जुनी कारागिरी आणि चित्रं राखायची. वाढत्या लोकांची सोय करायला काही मैलांवर एफ्राइममध्ये दुसरं मंदिर बांधायचं.

क्षमतेचा प्रश्न खरा होता आणि त्याला दुसरं उत्तरही होतं. लोगनच्या वेळी ते कोणी विचारलं नव्हतं, कारण विचारायला लोकांना वेळच मिळाला नव्हता.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. टायकर्ट यांच्या आधी त्याच खोलीत पायनियर काळातली दुसरी चित्रं होती. ती गेली म्हणून टायकर्टना भिंत मिळाली. त्यामुळे 'जुनं ते सगळं ठेवा' असा सोपा नियम इथून निघत नाही. पण कुंडीच्या जागी भिंत आली, एका चित्राच्या जागी दुसरं आलं, तेव्हा बाग तिथेच होती. पडदा आल्यावर दिवा बंद केला की उरते ती कोरी खोली.

पुण्यातलं काय?

वाचताना मध्येच मला माझं गाव भेटलं. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन मिशनरी मुंबईत उतरला. तिथून तो पुण्याला गेला. लष्कराच्या छावणीतले युरोपीय सैनिक हे त्याचे मुख्य श्रोते, आणि लष्करी अधिकाऱ्यांना तो तिथे नको होता. तरी पुण्यात एक छोटी मंडळी जमली. मराठी लोकांना उद्देशून त्याने एक पुस्तिकाही काढली. काही वर्षांतच हे मिशन आटोपलं. जमलेल्यांपैकी काही युटाला गेले.

मी पुण्यात चार वर्षं इंजिनिअरिंग केलं. कॅम्पात असंख्य वेळा भटकलो. ज्या खोलीत ती मंडळी जमत असेल, तिच्यावरून कदाचित बुलेट पार्क करायला गेलोही असेन. तिथे काय होतं हे सांगणारी पाटी नाही, भिंत नाही. आणि आता, बंगळुरूत मंदिर बांधायची घोषणा २०१८ मध्ये झाली, तेव्हा भारतातलं पहिलं मॉर्मन मंदिर अशी बातमी आली. मंदिर पहिलंच. पण त्याच्या एकशेसहासष्ट वर्षं आधी पुण्यात कोणीतरी खुर्च्या मांडल्या होत्या.

रांग पुढे सरकते

मार्च २०२४ मध्येच आणखी एक बातमी होती. पंथाचं सर्वांत जुनं मंदिर, ओहायोतलं कर्टलँडचं, १८३६ चं. फाटाफुटीनंतर ते दीडशे वर्षांच्या आसपास दुसऱ्या एका शाखेकडे होतं. सॉल्ट लेकच्या चर्चने ते आणि आणखी काही ऐतिहासिक वास्तू व वस्तू मिळून एकोणीस कोटी पंचवीस लाख डॉलरला विकत घेतल्या. मॅन्टायच्या रांगेत लोक त्याबद्दल बोलत होते. मी सहकाऱ्याला म्हटलं, "गेलेलं परत आणायला काय पडतं, ते बघ." तो म्हणाला, "लोगन कितीला मिळेल?"

जगाच्या खोलीत आम्हाला जेमतेम काही मिनिटं मिळाली. जवळून पाहिलं तर टायकर्ट यांचे फटकारे घाईचे वाटतात. काही चेहरे अर्धवट, काही कपडे दोन रेषांत. ते लांबून, खुर्चीत बसलेल्या माणसासाठी रंगवले होते. हे कुठल्याही फोटोत मला कळलं नसतं. फोटोत चित्र येतं, पण मान वर करायला लागते ते येत नाही.

सॉल्ट लेकच्या भिंतींचे फोटो आहेत, नोंदी आहेत. माझ्याकडेही त्या बाईंच्या जुन्या तक्त्याचा आराखडा आहे. रकान्याचं नाव आहे, त्याची लांबी आहे, तो कुठल्या प्रकारचा होता ते आहे.

त्या फोननंतर मी एक सवय लावून घेतली आहे. काहीही पुसण्याआधी, ते वापरणाऱ्या माणसाला मी शोधून फोन करतो. टीममध्ये यावरून चेष्टा होते, आणि कामाला दोन-तीन दिवस जास्त लागतात. मॅन्टायला पन्नास लागले.

खोलीच्या दाराशी एक स्वयंसेविका उभी होती, सत्तरीच्या पुढची. तिने हसून पुढे व्हायची खूण केली. माझा सहकारी निघाला, मग परत वळला आणि क्षणभर मागच्या भिंतीकडे बघत राहिला. बाहेर आल्यावर पायातल्या पिशव्या काढताना म्हणाला, "आजीला इथे वाट सापडली असती."